बाईंचा वाकडा मफलर

बाईंकडे मुलं बिघडायला येत. निदान पालकांचं तरी असंच म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही.

कोपऱ्यावरच्या शाळेत व्हायोलिनचे एक सर होते. ते फक्त सुरुवात करून देत. हसतमुख माणूस, पायात रंगीबेरंगी मोजे, मुलांचे भारी लाडके. व्हायोलिनच्या मानेवर जिथे बोटं ठेवायची असतात, तिथे ते चिकटपट्टीच्या बारीक रेघा लावून देत. लाल रेघेवर पहिलं बोट, पिवळीवर दुसरं, निळीवर तिसरं. रंग ओळखता येणारं कुठलंही मूल काही महिन्यांत दोन-तीन सोप्या चाली वाजवायला लागे. आजीच्या डोळ्यांत पाणी, बाबांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ, सगळं कसं झकास चाललेलं असे. मग एक दिवस सर म्हणत, "आता हिला पुढे पाठवा," आणि ते मूल बाईंच्या दारात येऊन उभं राही.

बाई पहिल्या दिवशी एकच काम करत. मुलाचं व्हायोलिन मांडीवर घेत, नखाने लाल रेघेचं टोक उचलत आणि टर्रकन ओढून काढत. मग पिवळी. मग निळी. मागे राहिलेला चिकटा तेलाच्या फडक्याने पुसत. नव्याकोऱ्या भिंतीचा रंग कुणी आपल्यासमोर खरवडून काढावा, तसे पालकांचे चेहरे होत.

"आता बोट कुठे ठेवायचं?" मूल विचारी.

"जिथे सूर असेल तिथे," बाई म्हणत.

यावर कुठलंही मूल घरी जाऊन रडणारच. आणि ही तर नुसती सुरुवात. पुढे बाई हात मानेच्या टोकावरून उचलून वर सरकवायला शिकवत. व्हायोलिनवाले हिला तिसरी जागा म्हणतात. तिथे पोचायचं म्हणजे अंधारात जिन्याच्या पायरीवर पाय टाकण्यासारखं, पायरी आहे हे माहीत असतं पण नेमकी कुठे ते नसतं. त्यानंतर सूर थरथरवायला शिकवत. त्यासाठी औषधाच्या रिकाम्या डबीत तांदूळ भरून ती मनगटाने खुळखुळवायची असे, आणि मुलं ती जेवताना, गाडीत, अभ्यासाला बसून, इतकंच काय संडासातही खुळखुळवत. प्रत्यक्ष तारेवर मात्र पहिले कित्येक महिने त्या सुराला फक्त हुडहुडी भरलेली असे. थोडक्यात, जे मूल सरांकडे दोन-तीन चाली बिनबोभाट वाजवत होतं, ते बाईंकडे आल्यावर एकही चाल धड वाजवीनासं होई. सुरुवात करून द्यायला सगळे पुढे असतात आणि मैफल ऐकायला तर गावच लोटतं. मधली ही कुरूप वर्षं मात्र कुणालाच नको असतात. ती बाईंच्या गळ्यात पडली होती, आणि बाईंनी ती हौसेने गळ्यात घालून घेतली होती.

बाई स्वतः मोठ्या वादक वगैरे नव्हत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात काढली, शेवटून दुसऱ्या खुर्चीवर. त्या खुर्चीवर बसणाऱ्याने एकच पथ्य पाळायचं असतं. आपण वेगळं ऐकू यायचं नाही. बाईंना ते छान जमे. शेवटच्या खुर्चीवर एक काका बसत. माणूस देवासारखा, पण ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलेलं. त्यांचा सूर घसरला की बाई आपला सूर किंचित जाड करत आणि त्यावर अलगद पांघरूण घालत. काका मानाने निवृत्त झाले, त्यांना हार-तुरे मिळाले, आणि त्यांचा कान गेलाय हे त्यांच्या शेजारणीखेरीज कुणालाही शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंना याचा मनातून फार अभिमान होता. त्या कुणाला हे सांगत नसत, पण कुणी जुन्या दिवसांचा विषय काढला की त्यांचा चेहरा असा काही खुले, की समोरच्याला वाटावं यांनी मुख्य खुर्ची भूषवली होती.

तर अशा बाई शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांनी तीच विद्या शिकवणीत आणली. मूल वाजवायला लागलं की त्यांचा हात आपोआप आपल्या व्हायोलिनकडे जाई, आणि त्या सोबत वाजवू लागत. हळू, मागून, आधार द्यावा तसं. वाकडा सूर कानावर पडला की दुसऱ्या क्षणाला त्याच्यावर पांघरूण पडलेलं असे. खोलीत सगळं गोड ऐकू येई. मूल खूश, बाई खूश. आणि दर आठवड्याला कुठले ना कुठले पालक दारात चपला घालता घालता विचारत, "बाई, इथे इतकं छान वाजवतो, मग घरीच काय होतं हो याला?"

"खोलीचा फरक पडतो," बाई सांगत. "पडदे जाड असतील तुमचे."

हे बाई मनापासून सांगत, हीच खरी गंमत. एका भल्या गृहस्थाने तर बाईंच्या शब्दाखातर दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि सगळ्या घराला सर्दी झाल्यावर पुन्हा खाली काढला.

हे गृहस्थ म्हणजे दातांचे डॉक्टर, मुंगीचे बाबा.

मुंगी जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरच्यांनी तिला मुंगी म्हटलं. आता ती अकरा वर्षांची होती, हातपाय लांबच लांब, गुडघे सगळीकडे आपटणारे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बोलायची कमी. मात्र न सांगता डाव्या हाताची नखं कापून यायची, आणि शिकवणी संपल्यावर व्हायोलिन पेटीत ठेवताना तिला झोपलेलं बाळ ठेवावं इतका वेळ लागायचा. बाईंनी असली मुलं फार थोडी पाहिली होती.

एका मंगळवारी डॉक्टर स्वतः मुलीला सोडायला आले, आणि मुंगी आत पेटी उघडत असताना दाराशीच थांबले.

"स्पष्ट बोलतो, राग मानू नका," ते म्हणाले. असं कुणी म्हटलं की राग येण्याची तयारी ठेवावी. "ही पूर्वी बरी वाजवायची."

"पूर्वी ती रेघांवर बोटं ठेवायची. आता सूर शोधतेय."

"शोधतेय ते ठीक आहे, पण कुठवर शोधणार? माझा दवाखाना घराच्या खालीच आहे. काल एक पेशंट खुर्चीतच उठून बसले. मला म्हणाले, वर लहान मुलाचा दात भूल न देता काढताय का?"

बाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं.

"तुमचा वार्षिक कार्यक्रम आहे ना तीन महिन्यांनी," डॉक्टर म्हणाले. "तोपर्यंत बघू. तिथे ऐकून बरं वाटलं तर पुढे चालू. नाही तर हिला पोहायला घालतो. शरीराला चांगलं, आणि पाण्यात आवाज होत नाही. हिच्याशी बोललोय मी तसं."

ते गेल्यावर बाई आत आल्या. मुंगी गजाला राळ लावत होती, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

"तुला पोहायला आवडतं?" बाईंनी विचारलं.

"पाण्यात काहीच ऐकू येत नाही," मुंगी म्हणाली. आणि राळ खाली ठेवून म्हणाली, "मला हे सोडायचं नाहीये, बाई."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "मी आहे ना." आणि आपलं व्हायोलिन उचललं.

बाईंच्या घरात आणखी एक माणूस होतं, त्यांची थोरली नणंद. बाई त्यांना वन्सं म्हणत. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नणंद-भावजयीचं बिऱ्हाड एकच राहिलं, कारण वेगळं व्हायचं म्हटलं तर भांडायला कोण मिळणार. वन्संनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. कानाला यंत्र लावून जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि त्या ते मोठ्या प्रौढीने सांगत. शिकवणी चालू असताना त्या शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसत.

त्या दिवशी चहा पिताना त्या म्हणाल्या, "काय गं, ही डॉक्टरांची पोर वाजवते कशी?"

"म्हणजे? रोज ऐकता की तुम्ही."

"मी तुला ऐकते."

बाईंनी कप खाली ठेवला.

"अगं, लाइनवर दोघं बोलत असले ना," वन्सं म्हणाल्या, "आणि एक जण सारखा बोलत असला, तर दुसरा नुसता 'हं हं' करतोय हे आम्हाला तेव्हाच कळायचं. तुझी सगळी मुलं 'हं हं' करतात. त्यांच्यातल्या एकाचाही आवाज मी अजून ऐकलेला नाही. डॉक्टर घरी ऐकतात. त्यांना बिचाऱ्यांना तो आवडला नाही, इतकंच."

"तुम्हाला संगीतातलं काय कळतं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. आणखी साखर घालू?"

बाईंनी तो दिवस आणि पुढचाही दिवस फुरंगटून काढला. भांडी जरा जोरात ठेवली गेली. वन्संना हवा असलेला चष्मा दिसत असूनही बाईंनी तो दाखवला नाही. पण एखादी गोष्ट खोटी असली तर तिचा इतका राग येत नाही, हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्यामुळे तर त्या आणखीच चिडल्या.

पुढच्या मंगळवारी मुंगी आणि बाई नेहमीसारखं एकत्र वाजवत होत्या. चालीत एक जागा होती, तिथे हात वर सरकवून पहिलं बोट नेमक्या ठिकाणी टेकवायचं होतं. ती जागा जवळ आली तशा बाई एकदम थांबल्या. "दूध उतू जातंय बहुतेक, तू चालू ठेव," म्हणाल्या आणि बाहेर बोळकंडीत जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दूध कपाटात होतं, पावडरीच्या डब्यात.

आत मुंगीचा हात वर सरकला आणि सूर खाली लागला. चांगलाच खाली. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. मुंगीला ते कळलंच नाही. ती त्याच खालच्या सुरावरून मजेत पुढे निघाली, पुढची चाल त्या खालच्या मजल्यावर वाजवत गेली, आणि मग गोंधळून थांबली.

"बाई?" तिने हाक मारली. "कुठे गेलात?"

बाई आत आल्या. "का थांबलीस?"

"तुमचा सूर ऐकू येईना."

"माझा कशाला हवा तुला?"

मुंगीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं. "तुमचा आला की मी बोट सरकवते ना. आधी ऐकते, मग सरकवते. लगेच. कुणाला कळत नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. कुणाला कळत नाही हे खरंच होतं. त्यांनासुद्धा कळलं नव्हतं. काकांना त्यांनी निवृत्तीपर्यंत पोचवलं होतं, तसंच या पोरीलाही पोचवत होत्या, फरक इतकाच की काकांना पुढे कुठे जायचं नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. मुलं इतकी वर्षं येत होती आणि आपण त्यांच्या कानांत बोळे घालून पाठवत होतो, हे मनात आलं आणि त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी त्यांनी व्हायोलिन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली वन्संच्या पुढ्यात ठेवली.

"शिकवणीच्या वेळात ही मला द्यायची नाही. मी कितीही मागितली तरी."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि किल्ली कनवटीला लावली. जिंकल्याचा आव त्यांनी आणला नाही. तो त्यांच्या चेहऱ्यावर आपोआपच आला.

कपाटाला कुलूप लागलं, पण हातांचं काय करायचं? मुंगीचा सूर वाकडा लागला की बाईंचा डावा हात हवेत उठे. एकदा त्यांनी तारांवर ठेवावीत तशी बोटं ठेवलीच, फक्त ती खुर्चीच्या दांडीवर. मग त्या गुणगुणायला लागल्या. पलीकडच्या खोलीतून वन्संचा खोकला आला, टेलिफोनवर चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करावं तसा. मग पायाने ताल धरायला लागल्या, पुन्हा खोकला. शेवटी वन्संनीच एक करडी लोकर आणि दोन जाड सुया आणून त्यांच्या मांडीवर टाकल्या. म्हणाल्या, "घे, वीण. हात गुंतव."

अशा रीतीने त्या मफलरचा जन्म झाला. बाईंना विणकाम बेताचंच येत होतं, आणि त्यात सूर वाकडा लागला की त्या लोकर गच्च आवळत. मुंगीची तासिका चालू असताना मफलर चिंचोळा होत जाई, मध्येच एखादी ओळ बरी वाजली की ऐसपैस पसरे. दुसरी मुलं येत, त्यांचेही हिसके त्यात बसत. थोड्याच दिवसांत त्याला अशी काही कंबर आणि असे काही खांदे फुटले, की वन्सं म्हणाल्या, हा माणसाच्या गळ्यात न घालता त्यालाच एक सदरा शिवू.

पण हात गुंतले तेव्हा तोंड मोकळं झालं, आणि बाई पहिल्यांदा शिकवायला लागल्या.

"कसा लागला?" त्या विचारत.

"वर?" मुंगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारी.

"मला विचारू नको."

"खाली?"

"मला विचारू नको म्हटलं ना. मी विणतेय."

मुंगी बाईंच्या भुवया बघायला शिकली. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मुंगी मग सुयांचा आवाज ऐकायला लागली, टाका आवळल्याचा आवाज वेगळा येई. पोरीचे कान तिखट होते, फक्त ती ते स्वतःकडे सोडून सगळीकडे लावत होती. बाईंनी विणणं थांबवलं आणि तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वर सरकवून ते बोट ठेव. आणि शेजारच्या जाड तारेकडे बघ. तिला हात लावू नको, नुसतं बघ. आता बोट हळूहळू पुढे ने."

मुंगीने गज ओढत बोट केसभर पुढे नेलं, आणखी केसभर. सूर म्यावत म्यावत वर चढला. आणि एका ठिकाणी शेजारची जाड तार, जिला कुणी हात लावला नव्हता, ती अंधुक दिसायला लागली. ती थरथरत होती. लाकूड एकदम भरल्यासारखं वाजलं.

"ती का हलतेय?" मुंगीने विचारलं.

"तुझा सूर तिला पटला म्हणून. इथून पुढे काही विचारायचं तर तिला विचार. ती माझ्यासारखी भिडेखातर हो म्हणत नाही."

त्या दिवशी मुंगी तासिका संपली तरी गेली नाही. बोट पुढे-मागे करत तारेला पुन्हापुन्हा विचारत राहिली. पलीकडून वन्सं म्हणाल्या, "हा आवाज नवा आहे." इतकं बोलून त्या कोड्याकडे वळल्या, पण बाईंना तेवढंही पुरलं.

घरी मात्र आनंदीआनंद होता. आता मुंगी चुकीच्या सुरावरून पुढे जात नसे, तिथेच थांबून सूर वर चढवत बसे, आणि खालच्या मजल्यावर डॉक्टरांचे पेशंट तो चढ ऐकत तोंड उघडून बसत. डॉक्टरांचा फोन आला. "पूर्वी निदान गाणं संपायचं तरी," ते म्हणाले. "मी पोहण्याचा क्लास बघून ठेवलाय. टोपीसुद्धा आणलीये, निळी."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. या कार्यक्रमात एक पद्धत पडून गेली होती. मूल वाजवायला उभं राहिलं की बाई त्याच्या अंगाला लागून उभ्या राहत आणि सोबत वाजवत. पालकांना ती जोडी बघायची सवय झाली होती.

सकाळी बाई वन्संपाशी गेल्या. "किल्ली द्या."

वन्संनी कनवटीवर हात ठेवला. "का?"

"का म्हणजे? आज ती घसरली तर तिचं व्हायोलिन जाईल. एवढी ओळ मी सोबत वाजवली, तर डॉक्टरांना बरं वाटेल, पोर राहील, मग पुढच्या आठवड्यापासून आहेच की कुलूप. तुम्हीच म्हणालात ना, दुसऱ्याचं 'हं हं' कुणाला कळत नाही."

"मी म्हटलं होतं, मला कळतं," वन्सं म्हणाल्या. पण किल्ली काढून दिली. "शिकवणीच्या वेळात द्यायची नाही म्हणालीस. आज शिकवणी नाही. तुझं तू बघ."

बाईंना वाटलं होतं वन्सं नाही म्हणतील. त्या भांडल्या असत्या तर सोपं झालं असतं.

सभागृहाच्या मागच्या खोलीत मुंगी इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभी होती, ओठ पांढरे पडलेले. बाईंनी पेटी उघडून व्हायोलिन बाहेर काढलं आणि तारा जुळवायला लागल्या. इतक्या दिवसांनी ते हातात आल्यावर त्यांना घरी परतल्यासारखं वाटलं.

मुंगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"तुम्ही वाजवणार?"

"तुझ्या सोबत. हळूच. काळजी करू नको, तुझे बाबा..."

"मग मी कुणाचं ऐकू?" मुंगीने विचारलं.

तिने तक्रार केली नव्हती, खरंच विचारलं होतं. बाईंना एकदम इतकी भीती वाटली, की वाद्यवृंदात पहिल्या दिवशीसुद्धा तेवढी वाटली नव्हती. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. मग पिशवीतून मफलर काढला, सुया सावरल्या आणि बाहेर प्रेक्षकांत जाऊन बसल्या. पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती, ती नेमकी डॉक्टरांच्या शेजारी.

"तुम्ही इथे?" डॉक्टर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या, आणि विणायला लागल्या.

मुंगी एकटीच आली. उजवीकडे जिथे बाई उभ्या राहत तिथे तिने एकदा पाहिलं, तिथे फक्त फरशी होती. मग तिने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. सुरुवात बरी झाली. बाईंच्या सुया चालत होत्या. ती जागा जवळ येत गेली. चालीत ती दोनदा येते, आणि पहिल्या वेळीच मुंगीचा हात वर सरकला आणि सूर खाली लागला.

सगळ्या सभागृहाला कळलं. मागे कुणी तरी दातांवर दात दाबून श्वास घेतला. डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या खुर्चीची दांडी त्यांच्या मुठीत करकरली. बाईंचा डावा हात सुईसकट हवेत उठला आणि तिथेच राहिला.

मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती जाड तारेकडे बघत होती. गज न थांबवता तिने बोट केसभर पुढे नेलं, आणखी केसभर, सगळ्यांच्या देखत, निवांतपणे, जणू ती घरीच आहे. सूर वर चढला, आणि एका ठिकाणी व्हायोलिन भरून आल्यासारखं वाजलं. मग ती पुढे निघाली.

दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा बाईंनी श्वास रोखून धरला. मुंगीचा हात वर गेला आणि सूर थेट लागला. शोधावा लागला नाही. आणि त्यावर तिने मनगट सैल सोडलं, तशी त्याला थरथर आली, हुडहुडी नव्हे, खरी. ती बहुधा तिलाही अपेक्षित नव्हती, कारण तिच्या भुवया वर गेल्या.

टाळ्या पडल्या. डॉक्टर वाजवत नव्हते. ते मंचाकडेच बघत होते.

"पहिल्यांदा चुकली," ते म्हणाले.

"हो."

"मला कळलं ते. मला, म्हणजे..." त्यांना ते विचित्र वाटत होतं. "पण मग तो सूर सुधारला. कुणी सुधारला? तुम्ही तर इथे होतात."

"तिनेच," बाई म्हणाल्या. "तिच्या दोन्ही कानांनी."

डॉक्टर खाली वाकले आणि आपल्या खुर्चीखालून एक सुई उचलून वर आले. बाईंच्या हातातून ती केव्हा पडली ते त्यांना कळलं नव्हतं. मांडीवर मफलरचे टाके भराभर सुटत होते, सगळे खांदे आणि सगळ्या कंबरा उसवत चालल्या होत्या.

"मंगळवारी तीच वेळ ना?" डॉक्टरांनी सुई देत विचारलं. "टोपीचं काय करायचं ते बघतो मी. अंघोळीला वापरेन."

बाईंनी मान हलवली.

तेवढ्यात मुंगी मंचावरून उतरून धावत आली, वाटेत एका खुर्चीवर गुडघा आपटला तिकडे तिने लक्ष दिलं नाही. बाबांना ओलांडून ती बाईंच्या समोर उभी राहिली.

"पहिल्यांदा खाली लागला होता," ती म्हणाली.

बाईंनी लोकरीचा गुंता कुशीत गोळा केला. "मला विचारतेस का?"

"नाही," मुंगी म्हणाली. "सांगतेय."